लक्झरी सेडान : केबिनमधला आवाज आणि राइडचा आराम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी, महागडी सेडान घेणाऱ्याची अपेक्षा साधी असते : दार लावलं की बाहेरचा गोंगाट बाहेर राहावा, आणि रस्ता कसाही असला तरी पाठीला धक्का लागू नये. अपेक्षा रास्तच आहे. पण आवाज वाढला किंवा गाडी आदळायला लागली की बरेच जण थेट डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारे चिकट थर) चिकटवायला किंवा शॉकअॅब्सॉर्बर बदलायला निघतात. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह आहे : ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा शांत होती. तिच्यातलं काय झिजलं, सैल झालं किंवा बदललं गेलं ते आधी शोधा. शोधाची सुरुवात टायरपासून करा, शीट सगळ्यात शेवटी.

आवाज येतोय हे कळतं, पण कुठून येतोय ते कसं ओळखायचं?

"कुठून" यापेक्षा "कधी" हा प्रश्न जास्त कामाचा. बंद केबिनमध्ये दिशा ओळखताना कान फसतो, विशेषतः खालच्या पट्टीतल्या, घुमणाऱ्या आवाजाच्या बाबतीत. मागच्या चाकाची घरघर पुढच्या दारातून आल्यासारखी वाटू शकते. पण आवाज कशाबरोबर बदलतो, हे मात्र कान चोख सांगतो.

वेग न बदलता खरबरीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आलात आणि आवाज एकदम पडला, तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तीच घरघर कायम राहिली, तर बेअरिंगचा संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा उजवीकडचं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावीकडचं. वेग तोच ठेवून गिअर एकाने खाली घेतला आणि आवाजाची पट्टी चढली, तर इंजिन, त्याचं माउंटिंग किंवा सायलेन्सरची लाइन. अॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक गुणगुण येते आणि पाय काढल्यावर तिचा सूर बदलतो, तर डिफरन्शियलकडे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याकडे) बघा. आणि ताशी १०० किलोमीटरच्या पुढेच सुरू होणारी, वाऱ्याची दिशा बदलली की कमीजास्त होणारी सूं-सूं ही काचा, रबर बीडिंग आणि आरशांची.

ओळख पटवण्याचा इतका आग्रह का, ते एका हिशेबातून कळेल. डेसिबल साधे बेरजेने वाढत नाहीत. समजा केबिनमध्ये टायरचा आवाज ६२ डेसिबल आहे आणि वाऱ्याचा ५५. दोन्ही मिळून होतात सुमारे ६२.८. आता खूप खर्च करून वाऱ्याचा आवाज पूर्ण बंद केलात, तरी उरतात ६२. एक डेसिबलही कमी झाला नाही, आणि इतका बारीक फरक कानाला जाणवतही नाही. सगळ्यात मोठा आवाज शोधून त्यालाच हात घातला तरच पैसे कारणी लागतात.

गाडी नवी कोरी आहे, तरी राइड कडक का?

आधी टायरमधली हवा तपासा. गाड्या कारखान्यातून जहाजाने, ट्रकने येतात; प्रवासात आणि यार्डात उभ्या राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या आधी ती कमी करायची असते, आणि ते कधीकधी राहून जातं. त्याहून कमी घडणारी, पण घडली तर मोठा त्रास देणारी गोष्ट म्हणजे वाहतुकीसाठी कॉइल स्प्रिंगमध्ये बसवलेले ठोकळे तसेच राहणं. ते राहिले तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्च मारली की दोन मिनिटांत कळतं.

टायरमध्ये किती हवा ठेवायची? कमी ठेवली तर गाडी मऊ चालेल ना?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. तोच प्रमाण. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. ती भरायची हवा नव्हे. बऱ्याच मोठ्या सेडानच्या स्टिकरवर दोन ओळी असतात : कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरी. वर्कशॉपमध्ये सवयीने दुसरी ओळ भरली जाते आणि मग दोन माणसं घेऊन जाणारी गाडी विनाकारण आदळते.

हवा टायर थंड असताना मोजा. तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय वाढतो, म्हणून तापलेल्या टायरवर मोजलेला आकडा फसवा असतो. स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवून मऊपणा मिळवण्याच्या फंदात मात्र पडू नका. टायरच्या कडा झिजतात, तो तापतो, आणि खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता वाढते.

टायर बदलून खरंच फरक पडतो का?

मध्यम वेगात, खरबरीत रस्त्यावर केबिनमध्ये जे ऐकू येतं त्यात टायरचाच वाटा सगळ्यात मोठा असतो. तेव्हा फरक पडतो, आणि तोही एखाद्या शीटने पडेल त्यापेक्षा कितीतरी जास्त.

टायरचा आवाज दोन वाटांनी आत येतो. ट्रेडच्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या खाचेदार भागाच्या, ठोकळ्यांचा रस्त्यावर होणारा मारा आणि खाचांत दबून सुटणारी हवा यांचा वरच्या पट्टीतला आवाज हवेतून, काचांतून आणि चाकाच्या कमानीतून येतो. खालच्या पट्टीतला, साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आतला आवाज मुख्यतः धातूतून चढतो : टायर, रिम, आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारी दांडी), बुश (तिच्या सांध्यातलं रबर), बॉडी, आणि मग केबिनचा पत्राच लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा हलायला लागतो. याच दुसऱ्या वाटेवर टायरच्या पोकळीतल्या हवेचा अनुनाद येतो. टायरच्या आत कोंडलेली हवा २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास घुमते. रस्त्याच्या सांध्यावरून जाताना "डंग्" असा पोकळ नाद येतो तो हाच. त्यावर उपाय म्हणून कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, पिरेली अशा कंपन्या टायरच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवतात. लेक्ससने याच कामासाठी रिममध्ये पोकळ कप्पे ठेवलेली अलॉय व्हील बनवली. फोमचे टायर पोकळीच्या त्या नादावर चांगलं काम करतात. ट्रेडच्या सरसर आवाजावर त्यांचा प्रभाव फारसा नसतो, हे ध्यानात ठेवून घ्या. पंक्चर काढताना फोमचा तेवढा तुकडा कापून काढावा लागतो, हेही पंक्चरवाल्याला आधीच सांगा.

नवीन टायर घेण्याआधी जुन्या टायरवरून तळहात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा ट्रेडवर ठरावीक अंतराने खळगे जाणवले, तर टायर वाकडा झिजला आहे. हा टायर थेट खराब बेअरिंगसारखा घरघरतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा चुकलेलं अलाइनमेंट, थकलेला शॉकअॅब्सॉर्बर किंवा बराच काळ अदलाबदल न झालेले टायर हे असतं. मूळ तसंच ठेवून नवे टायर टाकलेत तर काही महिन्यांत तीच घरघर परत येईल.

टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडा असतो. तो बघून टायर निवडू का?

केबिनसाठी नको. युरोपीय लेबलवरचा तो आकडा गाडी बाजूने जाताना रस्त्याच्या कडेला ऐकू येणाऱ्या आवाजाचा आहे. शेजाऱ्यांना त्रास कमी व्हावा म्हणून तो छापतात. बाहेर शांत असलेला टायर आत घुमू शकतो आणि याच्या उलटही होतं. तुमच्याच मॉडेलवर तो टायर वापरणाऱ्यांचा अनुभव, किंवा गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली खूण असलेला टायर, हे जास्त भरवशाचे आधार आहेत.

मोठे अलॉय टाकले तर आराम किती जातो?

आकड्यांतच बघू. एकाच मोठ्या सेडानला बसतील अशा तीन मापांच्या टायरची बाजूची उंची अशी येते : २४५/५० आर १८ मध्ये १२२ मिलिमीटर, २४५/४५ आर १९ मध्ये ११०, आणि २४५/४० आर २० मध्ये ९८. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ७०० मिलिमीटरच्या थोडा वर. म्हणजे १८ वरून २० वर गेलात की धक्का झेलणारी रबर आणि हवेची गादी एक पंचमांशाने कमी झाली. बारीक, तीक्ष्ण धक्के, म्हणजे रस्त्याचे सांधे, मॅनहोलची झाकणं, खड्ड्यांच्या कडा, हे सस्पेन्शनपर्यंत पोहोचण्याआधी टायरच गिळतो. ते काम कोणताही महागडा शॉकअॅब्सॉर्बर त्याच्याऐवजी करू शकत नाही. शिवाय मोठा रिम बहुधा जड असतो, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक रस्त्याचा उंचसखलपणा तितक्या चपळाईने पकडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे : आराम हवा असेल तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेलं सगळ्यात लहान चाक घ्या. मागे बसून प्रवास करणाऱ्याला चाकाचा आकार दिसत नाही, धक्का मात्र जाणवतो.

रनफ्लॅट टायर काढून साधे टाकावेत का?

रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात, म्हणून हवा गेल्यावरही तो काही अंतर गाडी पेलतो. हाच ताठपणा रोजच्या धक्क्यांत जाणवतो. साधे टायर टाकल्यावर छोट्या धक्क्यांचा तीक्ष्णपणा नक्की कमी होतो. पण अशा गाड्यांना अनेकदा स्टेपनीची जागाच नसते. मग सीलंट आणि पंप सोबत ठेवा, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा चालू असल्याची खात्री करा, आणि चारही टायर एकाच प्रकारचे ठेवा. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे ही जोडणी करू नका.

८० ते १२०च्या दरम्यान गाडी थरथरते, मग थांबते. बॅलन्सिंग करूनही तेच. आता?

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं बघा, सीटमध्ये किंवा फरशीत असेल तर मागची. ती ठरावीक वेगातच का येते? १००च्या वेगाला अशा गाडीचं चाक सेकंदाला सुमारे साडेबारा फेऱ्या मारतं. सस्पेन्शनवर टांगलेलं चाक स्वतः १० ते १५ हर्ट्झला उड्या मारायला उत्सुक असतं. दोन्ही गोष्टी जुळल्या की एरवी लपून राहणारा किरकोळ दोष उठून येतो.

बॅलन्सिंगने वजनातला असमतोल जातो. आकारातला जात नाही. टायर किंचित लंबगोल असेल, रिम खड्ड्यात वाकला असेल, किंवा टायरच्या एका भागाचा ताठपणा जास्त असेल, तर वजन कितीही लावा, थरथर राहणारच. रोड फोर्स बॅलन्सिंगचं यंत्र टायरवर रोलर दाबून हे मोजतं. मग टायर रिमवर फिरवून बसवला तर दोघांचे दोष एकमेकांना बऱ्याच अंशी झाकतात. बाजारातून घेतलेले अलॉय असतील तर मधल्या भोकात बसणारी रिंग बरोबर मापाची आहे का, हेही बघा. ती सैल असली की चाक केंद्रात बसत नाही. आणि गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर टायर खालून चपटे झालेले असतात. थोडं अंतर चालवून ते तापले की थरथर गेली, तर दुरुस्तीची गरजच नाही.

वाऱ्याची शिट्टी किंवा सूं-सूं कशी शोधायची?

वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की त्याची ऊर्जा जवळपास तिप्पट, म्हणजे सुमारे ५ डेसिबल जास्त. शहरात पूर्ण गप्प असलेली गाडी हायवेवर सुसाटते ती यामुळे.

शोध घ्यायला रंगकामाची कागदी चिकटपट्टी पुरते. आधी पुढच्या दाराच्या फटीवर, मग आरशाच्या बुडाशी, मग विंडशील्डच्या कडेला, मग सनरूफच्या चौकटीवर अशी एकेक जागा झाकून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. शेजारी कोणाला तरी ऐकायला बसवा. ज्या पट्टीने आवाज थांबला ती जागा. दाराची पकड तपासायला रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ती ओढा. सगळीकडून ती थोड्या विरोधाने यायला हवी. एखाद्या ठिकाणी सहज सुटली तर तिथलं बीडिंग दबून चपटं झालं आहे किंवा दाराचं कुलूप जिच्यात अडकतं ती खुंटी थोडी आत घ्यावी लागेल. रबर कोरडं पडलं असेल तर सिलिकॉनचा पातळ हात द्या. पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा : विंडशील्ड कधी बदललं होतं का? लक्झरी सेडानच्या काचेत दोन थरांमध्ये आवाज शोषणारा मऊ पडदा असतो. चार मिलिमीटरची साधी काच ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच हलायला लागते आणि नेमका तो आवाज आत सोडते. हा मधला थर ती हालचाल मारतो. वाऱ्याची सूं-सूं आणि माणसाच्या कानाची सर्वाधिक संवेदनशीलता दोन्ही याच परिसरात. काच बदलताना आवाज न शोषणारा साधा पडदा असलेली लॅमिनेटेड (दुपदरी) काच बसवली गेली तर गाडी कायमची बदलते, आणि डोळ्याला काही दिसत नाही. काचेच्या कोपऱ्यातलं छापील चिन्ह वाचा. अकौस्टिक, म्हणजे आवाज शोषणाऱ्या, काचेवर तसा शब्द किंवा कानाचं चित्र असतं.

बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतील तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : ही काच आपत्कालीन हातोडीने साध्या काचेसारखी चुरा होऊन पडत नाही. कोणती काच फुटू शकते, बहुधा मागची, हे आधीच पाहून ठेवा.

मागची एक खिडकी उघडली की कानात धप-धप का होतं?

आख्खी केबिन एका मोठ्या बाटलीसारखी वाजते आणि हवा २० हर्ट्झच्या आसपास आत-बाहेर करते. दुसरी एखादी खिडकी दोन बोटं उघडा, लगेच थांबेल. गाडीत दोष नाही.

डॅम्पिंग शीट लावून गाडी शांत होते का?

कमी किमतीच्या गाडीत बऱ्याचदा फरक जाणवतो. लक्झरी सेडानमध्ये हे काम कारखान्यानेच भरपूर केलेलं असतं. २०२०च्या रोल्स-रॉइस घोस्टमध्ये आवाज रोखणारं साहित्यच १०० किलोहून जास्त आहे. अशा गाडीत आणखी थर देऊन मिळणारा लाभ थोडा, आणि ट्रिम उघडताना क्लिपा तुटून नवी खडखड ओढवून घेण्याचा धोका मोठा.

तरीही करायचंच असेल, तर तीन वेगळी कामं समजून घ्या. ब्युटाइल रबर आणि अॅल्युमिनियमची शीट पत्र्याची थरथर मारते. ती पत्र्याच्या मधल्या, सैल भागावर लावली की पुरते. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बहुतेक लाभ मिळतो. सगळा पत्रा मढवणं म्हणजे वजन आणि पैसे वाया. फोम किंवा फेल्ट हवेतला वरच्या पट्टीतला आवाज शोषतं. आणि जड व्हिनाइलचा पडदा आवाज अडवतो, पण तो वजनाच्या जोरावर : वजन दुप्पट केलं तर सुमारे ६ डेसिबल. त्यातही अट अशी की फट नको. एखाद्या पृष्ठभागाचा फक्त एक टक्का उघडा राहिला तरी तो २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, मग उरलेला भाग शिशाचा का असेना. म्हणूनच निखळलेलं एक रबरी बूच परत बसवणं हे कित्येकदा किलोभर शीटपेक्षा मोठं काम करतं.

डांबरी शीट नको. उन्हात वास येतो आणि ती ओघळते. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. खांबांच्या ट्रिमखाली पडदा-एअरबॅग असते, तिथे काहीही चिकटवू नका. अनेक गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो, त्यामुळे दाराच्या आतली रचना मनाने बदलणं जिवाशी खेळ ठरू शकतं.

डॅशबोर्डमधून किंवा मागून किरकिर, खुळखुळ येते. काय करू?

प्रथम गाडी पूर्ण रिकामी करा : दारांचे कप्पे, ग्लोव्हबॉक्स, चष्म्याची डबी, डिक्कीतला जॅक. मग रिकाम्या सीटचे बेल्ट लावून टाका, कारण बक्कल खांबावर आपटून टकटक करतं. मागच्या काचेचा पडदा, हेडरेस्टच्या दांड्या, नंबरप्लेट आणि डिक्कीचं झाकण हे पुढचे संशयित. आवाज येताना शेजाऱ्याने तो भाग तळहाताने दाबायचा. थांबला तर जागा सापडली. दोन प्लास्टिकमध्ये कापडी किंवा फेल्टची टेप गेली की प्रश्न मिटतो.

पोटाखालच्या प्लास्टिकच्या ट्रे आणि चाकाच्या कमानीतलं फेल्टचं अस्तर विसरू नका. सर्व्हिसिंगमध्ये एखादा स्क्रू राहिला की ट्रे हायवेवर फडफडते, आणि अस्तर गेलं की प्रत्येक खडा आत ऐकू येतो.

मऊ सस्पेन्शन म्हणजे आरामदायी सस्पेन्शन ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

माणसाचं शरीर वरखाली हालचालीला सगळीकडे सारखा प्रतिसाद देत नाही. आयएसओ २६३१ या मानकानुसार उभ्या कंपनांत ४ ते ८ हर्ट्झचा पट्टा सर्वाधिक त्रास देतो, कारण पोटातले अवयव आणि पाठीचा कणा तिथेच डोलायला लागतात. ०.१ ते ०.५ हर्ट्झचं संथ हेलकावणं मळमळ आणतं. या दोन्हींच्या मधे, सेकंदाला एक हेलकावा किंवा किंचित जास्त, ही चालण्याच्या लयीजवळची जागा शरीर आनंदाने स्वीकारतं. आरामदायी सेडानची बॉडी स्प्रिंगवर साधारण तिथेच डोलावी अशी आखलेली असते. स्पोर्ट्स गाडीत हा आकडा दीड ते दोन हर्ट्झ असतो. स्प्रिंग याहून मऊ केली आणि डॅम्पिंग (डोलणं आवरणारी शॉकअॅब्सॉर्बरची पकड) अपुरं राहिलं की गाडी तरंगते. मागे बसलेलं मूल उलटी करतं, आणि दोष मुलाच्या पोटाला दिला जातो.

दुसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या नात्याची. पुढचं चाक आधी उंचवट्यावर चढतं, मागचं नंतर. दोन्हीकडचं डोलणं सारख्याच गतीचं असेल तर गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे हेलकावते. मॉरिस ऑली हे ब्रिटिश इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३०मध्ये जनरल मोटर्सकडे गेले. मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद डोलवली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होते, हे त्यांनी दाखवून दिलं. आजही सस्पेन्शन आखताना हा विचार होतो. म्हणूनच फक्त पुढच्या स्प्रिंग बदलणं किंवा गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंग टाकणं याला माझा विरोध आहे. दिसायला दोन बोटांचा फरक. पण कारखान्यात जुळवलेलं हे नातं तुटतं.

एअर सस्पेन्शनच्या गाडीत काय सांभाळायचं?

हवेच्या स्प्रिंगचा मोठा गुण असा की भार वाढला तरी उंची तीच राहते, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येते. १९५५च्या सिट्रोएन डीएसने हीच किमया तेल आणि वायू वापरून केली होती. मर्सिडीजच्या २०१३च्या एस-क्लासमध्ये स्टिरिओ कॅमेरा पुढचा रस्ता वाचून सस्पेन्शनला आधीच तयार करू लागला.

सांभाळायचं ते रबराच्या फुग्यांना. वय झालं की घड्यांवर बारीक चिरा पडतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर गळती आहे. त्याकडे दुर्लक्ष केलंत तर कॉम्प्रेसर दिवसभर ती उणीव भरत राहतो आणि शेवटी जळतो. मग फुग्याच्या जोडीला कॉम्प्रेसरचाही खर्च. साबणाचं पाणी फवारून गळती सापडते. जॅक लावण्याआधी मॅन्युअलमधला जॅक मोड चालू करा. एअर सस्पेन्शन काढून साध्या कॉइल बसवण्याचे संच मिळतात. गाडी चालते, पण ज्या कारणासाठी ती घेतली तेच निघून जातं.

शॉकअॅब्सॉर्बर नवे टाकले, तरी खड्ड्यात "टक्" आवाज आणि धक्का तसाच. का?

बहुधा बुश. आधुनिक सेडानच्या आर्ममध्ये रबराचे, काही ठिकाणी आत तेल भरलेले बुश असतात. रस्त्याची थरथर बॉडीपर्यंत न पोहोचू देणं हे त्यांचं काम. तेलाचा बुश फुटला की आर्मवर ओला काळा डाग दिसतो. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरणं आणि लहान खड्ड्यातही टक् होणं ही त्याची लक्षणं. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड आणि शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग हेही तपासा. नवा शॉकअॅब्सॉर्बर जुन्या माउंटिंगवर बसवणं ही खोटी बचत आहे.

बसवण्याची एक रीत मेकॅनिककडून आग्रहाने पाळून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या उंचीवर, चाकांवर भार असताना शेवटचे आवळायचे असतात. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली ठेवताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. राइड ताठ होते आणि नवा बुश लवकर फाटतो. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात हे खरं, पण ते रबरापेक्षा ताठ असल्याने रस्त्याची गुणगुण थेट आत आणतात. शांत सेडानमध्ये त्यांना जागा नाही.

मागच्या सीटवर पुढच्यापेक्षा जास्त आवाज आणि धक्के का?

मागचा प्रवासी मागच्या चाकांच्या जवळ, कधीकधी जवळपास त्यांच्यावरच बसतो. शिवाय डिक्की ही मोठी पोकळी आहे आणि मधला आडवा पत्रा तिचा नाद पुढे पाठवतो. डिक्कीतलं मूळ अस्तर आणि स्टेपनीवरचं झाकण जागेवर आहे ना, ते बघा. लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) गाडीत मागचं आसन चाकापासून पुढे सरकतं, म्हणून तिथे आराम जास्त. आणि दोनच माणसं असताना पूर्ण भाराची हवा भरलेली असेल, तर तिचा त्रास मागच्यालाच आधी होतो.

इलेक्ट्रिक सेडान शांत म्हणतात, मग टायरचा आवाज जास्त का वाटतो?

इंजिनाचा पडदा उठला म्हणून. तो नसला की टायर, वारा आणि एसीचा पंखा उघडे पडतात. त्यात बॅटरीच्या वजनासाठी स्प्रिंग आणि टायर दोन्ही ताठ लागतात. काही गाड्यांत विरुद्ध ध्वनी सोडून आवाज मारणारी यंत्रणा असते. इंजिनाचा घुमणारा आवाज ठरावीक लयीचा, म्हणून त्याला मारणं तुलनेने सोपं. रस्त्याचा आवाज मात्र दर क्षणी बदलतो, त्यामुळे सस्पेन्शनवर सेन्सर बसवून तो केबिनमध्ये पोहोचायच्या आत ओळखावा लागतो. खालच्या पट्टीत ही यंत्रणा काम करते. वाऱ्याच्या शिट्टीवर तिचा इलाज नाही.

सगळं शांत करत नेलं तर शेवटी काय होतं, याचं उत्तर घोस्टच्याच इंजिनिअरनी दिलं आहे. पूर्ण नि:शब्द केबिनमध्ये माणूस गोंधळतो असं त्यांना आढळलं, आणि त्यांनी एक मंद सूर मुद्दाम राहू दिला.

मोबाइलवर आवाज मोजला तर चालेल?

तुलनेसाठी चालेल. तोच रस्ता, तोच वेग, तीच दिशा, कोरडा पृष्ठभाग, पंखा बंद, आणि फोन प्रत्येक वेळी त्याच जागी. १००च्या वेगाला चांगल्या रस्त्यावर अशी सेडान साधारण ६० ते ६५ डेसिबल दाखवते. पण बहुतेक अॅप कानाच्या संवेदनेप्रमाणे भारित केलेला आकडा देतात, आणि त्यात खालच्या पट्टीतली घुमघुम फार कमी मोजली जाते. आकडा चांगला आणि डोकं मात्र जड, असं होत असेल तर डोक्यावर विश्वास ठेवा.

वर्कशॉपमध्ये नेल्यावर "आवाज ऐकूच येत नाही" म्हणतात. काय करावं?

"आवाज येतो" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून न्या : कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, थंड गाडीत की तापल्यावर, वळताना, ब्रेक मारताना की सरळ जाताना, किती माणसं असताना. चाचणीला मेकॅनिकसोबत स्वतः बसा. स्टिअरिंग त्याच्या हातात द्या आणि तुम्ही नेहमी जिथे बसून आवाज ऐकता तिथेच बसा. मग जागा बदलून त्याला तिथे बसवा. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर फेरी मारा. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. खळगे पडलेला टायर, तेल गळलेला बुश किंवा दबून चपटं झालेलं बीडिंग हातात आलं, की दोष तिथेच होता का हे तुम्हालाही कळतं आणि मेकॅनिकलाही.